चुरगळलेली चिठ्ठी

दर रविवारी पाळकसाहेब प्रार्थनापेटी उघडत आणि लोकांच्या विनंत्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. एक चिठ्ठी मात्र ते गुपचूप झग्याच्या खिशात कोंबत: ‘आमच्या पाळकाचा गर्व उतरावा, म्हणून प्रार्थना करा.’ खाली नाव नाही, अक्षर डाव्या हाताने काढल्यासारखं, आणि कागद कायम चुरगळलेला.

“त्या खजिनदाराचाच उपद्व्याप! मेला कोरा कागदसुद्धा खर्चत नाही,” घरी येऊन ते तणतणत.

“असेल हो. झगा द्या इकडे, धुवायचाय,” बायको म्हणे.

अकरा वर्षं हे असंच चाललं. मग एका बुधवारी बायको गेली.

त्या रविवारी पेटीत ती चिठ्ठी नव्हती. खजिनदाराला निदान एवढी तरी लाज आहे म्हणायची, असं मनाशी म्हणत साहेबांनी रुमालासाठी खिशात हात घातला. गेल्या रविवारची चिठ्ठी तिथेच होती. झगा धुवायला कोणी नेलाच नव्हता.

मग त्यांनी ती चिठ्ठी उलगडून मोठ्याने शेवटपर्यंत वाचली आणि सगळ्यांदेखत गुडघे टेकले.

“खजिनदार, माझ्यासाठी तेवढी प्रार्थना तुम्ही कराल का? आजवर करणारी गेली.”