नूतनची चौकशी

"पोरगी स्वभावानं कशी आहे?" दारातल्या माणसानं विचारलं आणि अनुसयाबाईच्या कपाळाला आठी पडली. आलं मेलं आणखी एक स्थळ!

माणूस मोटरसायकलवरून आला होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग, पायात चकचकीत बूट. शेजारच्या खुशालच्या घराला कुलूप होतं. खुशाल आणि नंदाबाई धान कापायला गेले होते, त्यांची मुलगी नूतन सकाळीच गोंदियाला. कुलूप पाहून तो इकडे वळला. गोंदियाहून आलो, नूतनची चौकशी करायची आहे, एवढंच बोलला. पुढचं अनुसयाबाईनं त्याला बोलूच दिलं नाही. कामठा गावात सोयरीक ठरण्याआधी असंच होतं. मुलाकडचं कोणीतरी अवचित येतं, घरच्यांना टाळून शेजारी टेकतं, पाणी पितं आणि गोड बोलून सगळं काढून घेतं. शेजारणीच्या एका शब्दावर लग्नं मोडतात.

अनुसयाबाईला मोडायचंच होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नूतन लहानपणापासून तिच्याच चुलीपाशी जेवली, तिच्याच कुशीत झोपली. गेल्या महिन्यात एक स्थळ पोहे खाऊन गेलं, तेव्हा पोरगी हिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. "काकी, मले आत्ता लगन नाही कराचं. मले शिकाचं हाये." तुह्या शिकण्याच्या आडवं कोणी आलं तर मी पाहून घेईन, असा शब्द अनुसयाबाईनं दिला होता. शिकणं म्हणजे नागपूर, असं ती धरून चालली होती. सकाळी गाडीत बसलं की दुपारी नागपूर, आणि सणावाराला पोरगी घरी.

म्हणून तिनं पाण्याचा गिलास पुढे केला, पदर खोचला आणि कामाला लागली.

"कशी म्हंजे का सांगू जी, भांडखोर हाये. तोंडाले तोंड देते. भात टाकला का करपलाच समजा."

माणूस हसला. "ते राहू द्या. इथंच राहते ना?"

"छे! इथं कायची राहते? सालभर पत्ता नसते. कुठं राहते, कोणापाशी राहते, मायबापालेबी ठाव नाही."

माणसाचं हसू मावळलं. औषध लागू पडलं म्हणायचं! अनुसयाबाईला चेव चढला. "अन् मागच्या साली तं पोलिसानं ठाण्यात नेलती तिले."

"कोणत्या ठाण्यात?"

"असंन गोंदियाच्या."

"काऊन नेलं होतं?"

हा गडी भलताच खोलात शिरत होता. "मारामारी केलती," ती ठोकून मोकळी झाली.

त्यानं बॅगेतून कागद काढले. वर नूतनचा फोटो होता, न हसणारा. "बाई, मी पोलीस ठाण्यातूनच आलो," तो म्हणाला. "पासपोर्टची चौकशी आहे. पोरगी जर्मनीला शिकायला चालली. दिलेल्या पत्त्यावर राहते का, ते शेजाऱ्यांना विचारावं लागतं. मारामारीचं मी आमच्या रेकॉर्डला पाहीन. पण इथं राहतच नसेल तर रिपोर्ट उलटा जाईल. पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर जाणं नाही."

अनुसयाबाई कागदावर वाकली. "जर्मनी? आपल्या बिरसीच्या विमानतळावरून जाते का तिथं?"

"बिरसीचं काय घेऊन बसलात! सातासमुद्रापार आहे. शिकणं होईपर्यंत येणं काही होत नाही."

जर्मनी! आणि तिला कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. हे नंदाबाईचंच काम. गाय व्याली तरी ती आठवडाभर लपवायची, नजर लागेल म्हणून. पण हिच्यापासून? जिनं पोरीचं हगलंमुतलं काढलं तिच्यापासून? अनुसयाबाईला संताप आला आणि रडूही आलं.

मग तिच्या ध्यानात आलं. आता काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पासपोर्ट अडकेल, पोरगी चार दिवस रडेल आणि मग नागपुरात शिकेल. नागपुरातही शिकणंच असतं की! होळीला येईल, मांडीवर डोकं ठेवेल. कोणाला काही कळणारसुद्धा नाही.

हवालदारानं पेनचं टोपण काढलं. "तर मग काय लिहू? इथं राहत नाही?"

अनुसयाबाईनं त्याच्यापुढचा गिलास उचलून घेतला. त्यानं वाट पाहिली, मग कागद मांडीवर घेऊन लिहायला मान खाली घातली.

"थांबा जी!" ती एकदम ओरडली. "सारं खोटं बोलली मी. मले वाटलं, तुमी पोरगी पाहाले आले."

"बाई, हा सरकारी कागद आहे. एकदाच काय ते खरं सांगा."

अनुसयाबाईनं पदरानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले.

"इथंच राहते नूतन. त्या घरी नाही तं या घरी," ती म्हणाली. "लिवा तसं, अन् जाऊ द्या तिले."