बिनकोपऱ्याचा खडा

पोतदारांनी अ‍ॅक्वामरीनचा खडा चिमट्यात धरून उजेडात नेला. "वहिनी, याला चौकोनी कटच शोभेल. इतका स्वच्छ निळा खडा गोल घोटून वाया कशाला घालवता?"

"कोपरे नकोत."

"कोपरे जरासे छाटतो. पण पैलू पाडल्याशिवाय तेज कसं येणार?"

"एकदा सांगितलं ना! पैलू नकोत, कोपरे नकोत. सुपारीसारखा गुळगुळीत करा."

माझा आवाज चढला तसा त्यांनी खडा खाली ठेवला. अधिक महिन्यात जावयाला अंगठी करायची, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना काय सांगू? लग्नात आम्हीच हौसेनं त्याच्या बोटात चौकोनी खड्याची अंगठी घातली होती. तिच्या कोपऱ्यानं उमटवलेली खूण शेजारी बसलेल्या माझ्या लेकीच्या, वृंदाच्या, गालावर अजून ताजी होती.

पोतदार खड्याचं वजन करायला आत गेले. तेव्हा कुठे वृंदानं तोंड उघडलं.

"आई, चौकोनीच करू दे."

"वेडी आहेस का तू?"

"गुळगुळीत खडा लागला तर खूण राहणार नाही." तिनं गालावर आलेले केस कानामागे सारले. "ही दिसली, म्हणून तू विचारलंस तरी. त्याआधी मी नुसतं सांगत होते, तेव्हा कुणाला खरं वाटलं होतं?"