जाड मुठीचा ब्रश

बाबुलालने दोन्ही डबे खाटेवर ठेवले आणि म्हणाला, "मावशी, यातला तुमाले जो पायजे थो ठेवा. दुसरा मी घरी नेतो."

बाबुलाल शेजारच्या क्वार्टरमधला. त्याचा मेहुणा मस्कतहून सुटीवर आला होता आणि त्याने सेलवर चालणारे दात घासायचे दोन ब्रश आणले होते. जवाहरनगरच्या क्वार्टरांच्या त्या लायनीत असली वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. खाटेवर बसलेल्या पार्वताबाईंनी डब्यांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

पाच महिन्यांपूर्वी गावी, एकोडीला, धानाची रोवणी चालू असताना त्या चिखलातच बसल्या, आणि त्यांची उजवी बाजू गेली. मुलाने, हिरालालने, त्यांना आपल्या क्वार्टरवर आणलं. तेव्हापासून रोज सकाळी सून सुलोचना बोटावर मंजन घेऊन त्यांचे दात घासून द्यायची. पार्वताबाई तोंड उघडत, पण डोळे मिटून घेत. एका सकाळी त्यांचा जबडा एकाएकी मिटला आणि सुनेच्या बोटातून रक्त आलं. सुलोचना चिंधी बांधून पोळ्या लाटायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून पार्वताबाईंनी तोंड उघडायचं सोडलं. डाव्या हाताने साधा ब्रश धरून पाहिला, पण त्या हाताला घासणं जमेना. ब्रश हिरड्यांत रुतायचा. मग दात तसेच राहू लागले. जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं तर जवळजवळ संपलंच. वास येईल म्हणून त्या शेजारणींशीही बोलेनात.

"हा घे माय," हिरालालने गुलाबी ब्रश उचलला. बारीक दांड्याचा, दिसायला देखणा. "हलका आहे. तुले झेपन."

त्याने तो आईच्या डाव्या हातात दिला. बटण इवलंसं होतं, अंगठ्याने दाबून धरावं लागे. दांडा बोटांतून निसटला आणि गोधडीवर पडला. हिरालालने पुन्हा दिला. पुन्हा पडला.

"सुलोचना, तूच धर न," हिरालाल हसत म्हणाला. "मशीन आहे. आता माय चावली तरी काय होते?"

पार्वताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुलोचनाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. "तुमी बाजूले व्हा जरा," ती म्हणाली. तिने दोन्ही ब्रश सासूच्या मांडीवर ठेवले आणि आपण खाली बसली. "आत्याबाई, कोणी घाई नाही करून राहिलं. तुमीच पाहा."

पार्वताबाईंनी तोंड सावकाश इकडे वळवलं. मग त्यांचा डावा हात मांडीवर सरकला. गुलाबी ब्रश त्यांनी बोटाने बाजूला लोटला. दुसरा पांढुरका होता, बोजड, विळ्याच्या मुठीएवढा जाड. त्याच्याभोवती बोटं आपोआप मिटली. चाळीस वर्षं या हाताने धानाच्या रोपांची पेंढी धरली होती. लावायचं काम उजव्याचं, धरायचं डाव्याचं. धरणं त्याला चांगलं ठाऊक होतं.

"हा," त्या म्हणाल्या.

"थो जड आहे माय. अन् दिसाले कसा दिसते!"

"मले काय मिरवाचं आहे?" शब्द अडखळत आले, पण सगळ्यांना कळले. "हाच."

सुलोचनाने त्यावर पेस्ट लावून दिली. पार्वताबाईंनी अंगठ्याने बटण पुढे सरकवलं, आणि ब्रश तोंडापर्यंत जायच्या आधीच घर्रकन सुरू झाला. पेस्टचा एक शिंतोडा हिरालालच्या बनियनवर उडाला, एक बाबुलालच्या चष्म्यावर. पार्वताबाई दचकल्या, पण मूठ सुटली नाही.

बाबुलाल आधी हसला. मग सुलोचना तोंडाला पदर लावून हसू लागली. पार्वताबाईंचा अर्धा चेहराच हलत असे. तो अर्धा हसला.

"आधी तोंडात घाला, मावशी. मंग चालू करा," बाबुलाल चष्मा पुसत म्हणाला.

"आता समजलं मले."

दुसऱ्यांदा त्यांनी तसंच केलं. हात नुसता धरून राहिला, घासायचं काम ब्रशने केलं. डावीकडचे दात झाले, मग समोरचे. उजव्या गालाला काही कळत नव्हतं, पण तिकडच्या दातांतून हादरा पार कानापर्यंत गेला, तशा त्या क्षणभर थांबल्या. मग ब्रश आणखी आत सरकवला. फेस हनुवटीवर ओघळला. सवयीने सुलोचनाचा हात पुढे आला. पार्वताबाईंनी तो कोपराने बाजूला केला, ब्रश थांबवला आणि तोंडातून काढला.

"सरक वं. तोंड माहं आहे."

सुलोचना सरकली. तिने पाण्याचा गिलास आणि घमेलं नुसतं जवळ आणून ठेवलं. चूळ भरताना निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. टॉवेलही पार्वताबाईंनी स्वतःच ओढून घेतला. वेळ लागला. तिघंही उभी होती, कोणी मदतीला गेलं नाही.

तोंड पुसून झाल्यावर त्यांनी दातांवरून जीभ फिरवली. इकडून तिकडे, सावकाश, पुन्हा एकदा. मग मान वर करून मुलाकडे पाहिलं.

"हिरा," त्या म्हणाल्या, "तुमच्या इकडच्या बाजारात ऊस भेटते काय?"

हिरालाल चपला शोधू लागला.