जपलेला कागद

"अहो, मूळ कागदांना लॅमिनेशन करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

शाळेच्या कार्यालयातल्या जोगळेकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दहावीचं गुणपत्रक खिडकीच्या उजेडात धरलं.

"मीच केलं," खुर्चीच्या कडेवर टेकलेला दशरथ म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा. चाळीस वर्षं कसब्यात बसून तांब्यावर हातोडा चालवलेला माणूस. त्याला स्वतःचाच आवाज कमी ऐकू यायचा. "काल मंडईपाशी करून घेतलं सगळं. भिजायला नको, चुरगळायला नको. क्रमही मीच लावला."

"छान केलंत. मग आता मागे तपासल्याचा शेरा कुठं लिहू? तुमच्या तळहातावर?"

शेजारी बसलेली ऋतिका हसली. लेक हसली तसा दशरथही हसला. वारज्याच्या या शाळेत तिची मुलाखत झाली होती, बालवाडीच्या पोरांसमोर गोष्ट सांगून झाली होती, आणि सोमवारपासून या, असं मुख्याध्यापिका बोलूनही गेल्या होत्या. उरली होती ती एवढी कागदांची तपासणी.

बाईंचं बोट अर्जावरून खाली खाली येत होतं. "रकाना चौदा. आपल्यावर कधी गुन्हा नोंद झाला आहे काय? नाही. बरं."

ऋतिकेने नजर पायांकडे नेली. दशरथला मात्र धीर आला. अर्ज तिचा तिनेच भरला होता, त्यात काय लिहिलं ते त्याने विचारलं नव्हतं. पण कुणी शंका काढलीच, तर फायलीच्या तळाशी त्याने दाखला लावून ठेवला होता.

बारावी झाली. पदविका झाली. जातीचा दाखला झाला. बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि त्यांचं बोट ओळीवर थांबलं.

तीन सिंहांचा शिक्का ऋतिकेला उलट्या बाजूनेही ओळखू आला.

"बाबा," ती म्हणाली.

दशरथने खुर्ची पुढे ओढली. "त्याचं असं आहे बाई, ती सोळाची होती. मैत्रिणीच्या घरातली सोन्याची साखळी उचलली होती तिनं. खोटं कशाला बोलू, उचलली होती. परतही केली. पण बाल न्याय मंडळाच्या मॅडमनी तिला मोकळं केलं. वकील म्हणाले, हा कागद जिवापाड जपा. आठ वर्षं देवाच्या टाकांशेजारी ठेवलाय. बघा ना, एक घडी मोडली नाही."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. या वेळी ओठ हलवत, त्यालाही ऐकू जाईल असा. "अपिलाची मुदत संपल्यानंतर या प्रकरणाचे सर्व अभिलेख नष्ट करण्यात यावेत."

"तेच तर!" दशरथ म्हणाला.

"अहो," बाईंच्या आवाजातली धार कुठल्या कुठे गेली होती, "सरकारनं सगळं पुसून टाकलं. कुणाच्या दप्तरात कपटा शिल्लक नसेल. आणि पुसून टाका असं लिहिलेला कागद तेवढा तुम्ही प्लास्टिकमध्ये घालून आणलात?"

पंखा फिरत होता. दशरथचा हसरा चेहरा तसाच राहिला होता, विझलेल्या भट्टीवर भांडं राहून जावं तसा.

"कायद्यानं 'नाही' लिहिता येतं, मॅडम," ऋतिका हळू आवाजात म्हणाली. "वकिलांना विचारूनच लिहिलं."

"येत असेल. तू लिहिलंस ते बरोबरच असेल, बाळ. पण खाली 'कागदपत्रे तपासली' म्हणून सही माझी असते. वाचलेलं आता न वाचलेलं कसं करू?"

त्यांनी पेन ठेवला, पेन्सिल घेतली. रकाना चौदामधल्या 'नाही'भोवती एक गोल काढला, अगदी हलक्या हाताने.

"मुख्याध्यापिकांपुढे ठेवावं लागेल. कळवू आम्ही."

बसमध्ये ऋतिका फाईल मांडीवर धरून बसली होती. डेक्कन आलं.

"जपा म्हणाले होते ते," दशरथ म्हणाला.

"हो, बाबा."

"मी जपला."

"हो."

कसब्यातल्या दुकानात शिरल्या शिरल्या तिने तो कागद फायलीतून ओढून काढला. फाडायला गेली. फाटेना. पिळला, दातांत धरला. प्लास्टिक तेवढं पांढरं पडलं आणि पुन्हा सरळ झालं. मग ती घागरींच्या चळतीशेजारी खाली बसली आणि रडू लागली.

दशरथने खुंटीवरची पत्र्याची कातर काढली. तांबं कापणारी कातर. कागदाला कसला वेळ. शिक्का गेला. तारीख गेली. कलमं गेली. तुकडे पायांशी पडत राहिले.

एका ओळीपाशी कातर थांबली. दशरथने डोळे बारीक केले, कागद जरा फिरवला आणि कडेकडेने, घागरीचा गळा कापावा तसं जपून, पातं वळवून नेलं.

त्याच्या तळहातावर बोटभर पट्टी उरली.

"ते कशाला ठेवलंत?" ऋतिकेने विचारलं.

"नाव आहे तुझं," तो म्हणाला. "त्याला कातर कशी लावू?"