हातभर फीत

भाऊबीजेच्या सकाळी राहात्याच्या बाजारतळावर, पुंजारामच्या तंबू टॉकीजपुढं तीस-चाळीस माणसं जमली होती. मुंबईहून वितरकाचं पत्र आलं होतं.

पुंजाराम दर दिवाळीला तोच एक गाण्यांचा सिनेमा लावायचा. गोष्टही दिवाळीच्याच चार दिवसांची. लोक बैलगाड्या जुंपून यायचे, नऊच्या नऊ गाणी नटीबरोबर म्हणायचे. पण दहा वर्षांत प्रिंट पार झिजली होती. पडद्यावर उभ्या रेघा, आवाजाला खरखर, आणि भाऊबीजेचं गाणं तर ऐन रंगात उडी मारायचं. म्हणून यंदा साऱ्यांनी सह्या-अंगठे करून नव्या प्रिंटसाठी अर्ज धाडला होता. तो लिहिला होता सुमंत मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि त्या सिनेमाचं त्यांच्याइतकं वेड पंचक्रोशीत कुणाला नव्हतं. ‘बेपर्वा ऑपरेटरांनी चित्रपटाची दुर्दशा केली आहे,’ असं त्यांनी अर्जात ठासून लिहिलं होतं.

“वाचा मास्तर,” पुंजाराम म्हणाला.

मास्तरांनी वाचलं. मूळ निगेटिव्ह खराब झाल्यानं नवी प्रिंट निघणार नाही. आहे तीच जपून वापरावी.

“म्हंजी आता रेघांतूनच बघायचं,” कुणीतरी म्हणालं. माणसं हळहळत पांगू लागली.

तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. पुणतांब्याची भागूबाई. दर दिवाळीला चालत यायची, पहिल्या रांगेत मातीवर बसायची.

“मास्तर, पुन्यांदा लिवा की. म्हनावं, नवी नगं आमाला. भाऊबीजेच्या गान्यात जेवढं तुटलंय, तेवढंच धाडा.”

“तेवढ्यानं काय होणार, आजी?”

“तेवढ्यात माजी मालन हाय.”

“सिनेमात?” मास्तरांनी विचारलं.

“आमच्या घाटावरच झालं न्हवं ते गानं? गावातल्या पोरी हातात ताटं घिऊन उभ्या केल्या हुत्या. त्यात मालन, नटीच्या श्येजारी. चौदाची हुती. पुढं दोन महिन्यांत तापानं गेली. घरात तिचा फोटू न्हाई. तीन दिवाळ्या मी हितं तिला बघितली. मंग एका साली गानं आलं, आन् माजी पोर आलीच न्हाई.” भागूबाईनं पदरानं तोंड पुसलं. “लुगडं इरतं तसं इरलं आसंल, म्हनलं. कुनाला काय बोलायचं?”

कुठल्या साली, हे मास्तरांना विचारायची गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी तंबूत कानिफनाथ नावाचा ऑपरेटर होता. नटी मान वळवून हसते, तेवढी हातभर फीत मास्तरांनी त्याच्याकडून मागून घेतली होती. बदल्यात स्वतःची बॅटरी दिली होती. कानिफनाथनं फीत कापली, उरलेली टोकं जोडली, आणि पुढच्याच साली काम सोडून गेला.

“आजी, बसा इथंच. आलोच मी,” असं म्हणून मास्तर भर बाजारातून धावत घरी गेले.

ट्रंकेच्या तळाशी पुठ्ठ्याची पेटी होती. त्यांनी फितीची एकेक चौकट काढून खिडकीच्या उजेडात धरली, भिंगातून पाहिली. नटी, नटी, नटी. प्रत्येक चौकट त्यांनी तेव्हा सुटी करून पुठ्ठ्याच्या खिडकीत बसवली होती, आणि बसवताना डावीकडची बाजू कात्रीनं उतरवली होती. तिथं एक पोर उभी होती. सगळ्या पोरी नटीकडं बघत होत्या आणि ही एकटीच सरळ समोर बघत हसत होती. तिच्यामुळं चित्राचा तोल बिघडतो, असं मास्तरांना वाटलं होतं. तो चेहरा त्यांना आजही आठवत होता. कापलेल्या कडा त्यांनी केरात टाकल्या होत्या.

पंचविसांपैकी एका चौकटीत कात्री तिरकी गेली होती. तिथं एक मनगट उरलं होतं, दोन बांगड्या, ताटाची कड.

मास्तर खाली बसले. परत गेलं नाही तरी चालण्यासारखं होतं. म्हातारी वाट बघून उठून गेली असती. कानिफनाथ कुठं आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं ते उठले. ती चौकट आणि भिंग घेऊन निघाले.

भागूबाई तंबूच्या सावलीत तशीच बसली होती. पुंजाराम आणि चार-दोन माणसंही होती. मास्तर तिच्यापुढं उकिडवे बसले.

“आजी, ती फीत झिजली नव्हती. मी कापून घेतली होती.”

पुंजारामच्या हातातली विडी तोंडाशी जाता जाता थांबली. भागूबाईला तर ते ऐकूच आलं नसावं. तिची नजर चौकटीवर होती. मास्तरांनी ती उन्हात धरली, तिच्या डोळ्यापुढं भिंग धरलं. भिंग नीट डोळ्याशी यावं म्हणून तिनं त्यांचा हात आपल्या हातानं धरून ठेवला.

ती खूप वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

“व्हय, व्हय. बांगड्या माज्याच. तिच्या हातात ढिल्या व्हायच्या, म्हून वर सारल्यात बगा.”

तिनं भिंग जरा इकडं केलं, जरा तिकडं. पुठ्ठ्याच्या कडेमागं काही दडलंय का, म्हणून बोटानं चाचपून पाहिलं. मग मास्तरांकडं वळून तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

“आन् बाकीची कुटं हाय, मास्तर?”