रोल नंबर एक्केचाळीस

मॅडम वर्गात शिरल्या आणि सगळा वर्ग धडपडत उभा राहिला. "बसा, बसा," म्हणत त्या टेबल ओलांडून थेट तिसऱ्या बाकापर्यंत गेल्या आणि तिथल्या मुलीला म्हणाल्या, "जरा सरकतेस का?"

मुलगी सरकली. नको तेवढी सरकली. मॅडमनी पर्स मांडीवर घेतली, कोरी वही उघडली आणि फळ्याकडे बघत बसल्या. मागे कुजबुज सुरू झाली. होणारच. गेली सहा वर्षं पीएच.डी.च्या पोरांना 'संशोधन पद्धती' हा विषय याच खोलीत याच बाई शिकवत होत्या, आणि यंदा त्याच विषयाला विद्यार्थी म्हणून त्यांनी नाव घातलं होतं.

हौस म्हणून नव्हे. त्यांचा स्वतःचा प्रबंध तयार होता. तीनशे बारा पानं, तीन प्रती, बाइंडिंगसकट. तो जमा करायला गेल्या तेव्हा नोंदणी विभागातल्या कारकुनाने पडद्यावर बोट ठेवलं. या विषयाचे गुण सात वर्षांहून जुने असले की बाद, आणि मॅडमना हा विषय सुटून नऊ वर्षं झाली होती.

"अहो, तो विषय मीच शिकवते," त्या म्हणाल्या होत्या.

"मला कळतंय हो मॅडम. पण याला कोण समजावणार?" म्हणत कारकुनाने कॉम्प्युटरला टपली मारली. परत बसायचं, पंचाहत्तर टक्के हजेरी भरायची, परीक्षा द्यायची. हे सत्र हुकलं तर नावनोंदणीच रद्द. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. स्वतःची हजेरी स्वतः घेता येत नाही म्हणून विषय मॅडमकडून काढून दुसऱ्याकडे दिला गेला.

तो दुसरा आता दारात उभा होता. शंकासुर. हे नाव मॅडमनीच ठेवलेलं, तो त्यांचा विद्यार्थी होता तेव्हा, कारण तास संपल्याची घंटा झाली की याची शंका हमखास निघायची. पाच वर्षांत पीएच.डी. उरकून तो सर झाला होता. तिसऱ्या बाकाकडे नजर जाताच त्याचा चेहरा पडला. हातातली फाईल टेबलावर टाकून तो बाकाशी येऊन वाकला.

"मॅडम, कशाला लाजवताय? तुम्ही घरी जा. हजेरी मी लावतो. परीक्षेला तेवढ्या या."

मॅडमना मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. सकाळपासून दुसऱ्या कॉलेजात दोन तास उभ्याने घेऊन आल्या होत्या. टाचा ठणकत होत्या, घसा बसला होता. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं, कुणी हाक मारू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"तुझी हजेरी त्र्याहत्तर टक्के भरली होती," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा मी काय केलं होतं?"

शंकासुर बाकावरचा शाईचा डाग नखाने खरवडू लागला.

"सांग ना."

"परत बसवलं होतंत. अख्खं सत्र."

"मग? जा, हजेरी घे."

त्याने हजेरी घेतली. चाळीस नंबर भराभर झाले. एक्केचाळिसावा त्याने मान खाली घालूनच पुकारला.

"हजर, सर," मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावर खसखस पिकली आणि लगेच विरली. 'सर' ऐकून शंकासुराचे कान लाल झाले होते.

मग त्याने शिकवायला घेतलं. फाईलमध्ये नोट्स मॅडमच्याच होत्या. व्याख्या त्यांच्या, उदाहरणं त्यांची, विनोदसुद्धा त्यांचा आणि अगदी त्याच जागी. मुलं हसली. इतकी वर्षं मॅडमना वाटायचं, या विनोदाला सगळा वर्ग हसतो. इथून दिसलं की हसणारे फक्त पुढच्या दोन बाकांवरचे असतात. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

"आता एकेकाने उठायचं," शंकासुर म्हणाला, "आणि एका वाक्यात सांगायचं. तुमचं संशोधन कुणाच्या उपयोगी पडणार?"

प्रश्नही मॅडमचाच. दर वर्षी पहिल्या तासाला त्या तो विचारायच्या आणि उत्तरं ऐकता ऐकता खिडकी बंद करणे, फळा पुसणे असली कामं उरकून घ्यायच्या.

बाकांवरून उत्तरं येऊ लागली. बहिऱ्या मुलांच्या शाळांना, सर. नळाचं पाणी तपासणाऱ्यांना, सर. शेजारची मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, "अख्ख्या समाजाला, सर." केवढा तो विश्वास! मॅडमना तिचा हेवा वाटला.

शंकासुराने घड्याळ पाहिलं. "वेळ संपत आली, आपण पुढे..."

पण मॅडम उठल्या होत्या. बाकाची कड धरून, सावकाश. प्रबंधाच्या प्रस्तावनेत या प्रश्नाचं उत्तर अडीच पानं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडात येईल तर शपथ. चाळीस माना त्यांच्याकडे वळल्या.

"सर," मॅडम म्हणाल्या, "नऊ वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर पटकन सांगितलं असतं."

कुणी हसलं नाही. शेजारच्या मुलीने वही पुढे ओढली आणि तेही उतरवून घेतलं.