नवख्याचं नाणं

"दोन हजार वर्षांपूर्वीचं अस्सल नाणं," मास्तरांनी मोबाईलवरची जाहिरात वाचली, "आणि खाली लिहिलंय, पंचवीस नग शिल्लक."

घड्याळवाल्याच्या दुकानात हशा पिकला. रविवारी दुकान बंद असे. अर्धं शटर ओढून हे तिघे नाणीवेडे सकाळभर आत बसत. ऑनलाइन विकायला आलेली खोटी नाणी शोधायची आणि त्यांची यथेच्छ टिंगल करायची, हा ठरलेला कार्यक्रम. घड्याळवाल्याचं म्हणणं असं, की या सगळ्या विक्रेत्यांचा आजोबा एकच असणार; जो तो त्याच्याच ट्रंकेत नाणं सापडल्याचं सांगतो.

तिसरा चष्मेवाला. तो आज चार महिन्यांनी आला होता. बायको गेल्यापासून त्याने नाण्यांच्या वह्यांना हातही लावला नव्हता. दोघांनी घरी जाऊन त्याला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

तो हसत नाही असं पाहून मास्तरांनी ठेवणीतला विषय काढला. "काही म्हणा, याच्या त्या नवख्यासारखी मजा परत नाही आली."

चष्मेवाल्याने मान खाली घातली.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. नाणी जमवणाऱ्यांच्या एका साईटवर 'नवखा' असं नाव घेतलेल्या कुणीतरी तांब्याच्या नाण्याचा फोटो टाकला होता. खरं नाव तिथे कुणीच लावत नसे. नाणं ऑनलाइन घेतलेलं. नवख्याने पट्टीने मोजून रुंदी लिहिली होती, वजन लिहिलं होतं, आणि कडेला एक बारीक रेघ दिसते ती कसली, असं अदबीने विचारलं होतं.

रेघ साच्याची होती. नाणं ओतीव, म्हणजे खोटं. एवढं सांगून भागलं असतं. पण चष्मेवाल्याचा हात थांबला नाही. "रेघ नाण्यावर नाही, तुमच्या कपाळावर आहे," त्याने लिहिलं. "घरात एखादं टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली सरकवा. तेवढ्याच लायकीचं आहे."

दोन दिवस साईटभर खिदळणं चाललं. नवख्याने एकच ओळ लिहिली, "बरं. पुन्हा नाही विचारणार." आणि तो खरोखरच पुन्हा फिरकला नाही.

त्या दिवशी जेवताना चष्मेवाल्याने आपलं उत्तर बायकोला मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं. तीही हसली होती. ताटं उचलता उचलता एवढंच म्हणाली, "बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल का हो?"

"वाटू दे की. त्याशिवाय अक्कल येत नाही."

आता घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि तिचा तो प्रश्न वेळी-अवेळी त्याच्या कानात वाजायचा. भांडी घासताना, दुकानात कुणाच्या डोळ्यांचा नंबर काढताना. आणि स्वतःचं उत्तर आठवलं की तो जागच्या जागी आक्रसून जायचा.

"पुरे करा, मास्तर," तो म्हणाला. "माझं चुकलं होतं ते."

"अरे, कोण कुठला तो. विसरलाही असेल एव्हाना."

"मी नाही विसरलो."

घड्याळवाल्याने उगाचच एक बंद घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग म्हणाला, "तर सांग की त्याला तसं. नाव आहे ना अजून साईटवर?"

दुपारी चष्मेवाला घरी आला. चपला काढून आधी बायकोचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला. मेहुणीने दोनदा सांगून झालं होतं, बंद करून टाका म्हणून. त्याला ते जमत नव्हतं. उघडून पाहण्याचीही छाती होत नव्हती. रोज तो फक्त वायर जोडायचा आणि बाहेर यायचा.

बाहेर येऊन तो स्वतःचा मोबाईल घेऊन टेबलाशी बसला. नवख्याचं नाव सापडलं. तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं, "वर्षापूर्वी तुम्ही साधा प्रश्न विचारला होता. मी चारचौघांत तुमचा अपमान केला. माझ्या बायकोला ते तेव्हाच खटकलं होतं, मला कळायला उशीर झाला. नाणं खोटं होतं, पण तुम्ही फार बारकाईने पाहिलं होतंत. नवीन माणसाची नजर त्या रेघेवर सहसा जात नाही. जमलं तर माफ करा."

त्याने निरोप पाठवला. छातीवरचं ओझं थोडं हललं. उत्तर येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बसून राहिला.

आतल्या खोलीत टिंग असं वाजलं. आली असेल कुठल्यातरी दुकानाची जाहिरात, असं म्हणत तो उठून आत गेला. बायकोच्या फोनची काच उजळली होती. त्याने वाकून वाचलं.

"नवखा, तुमच्यासाठी एक निरोप आला आहे."